थोरलीची नक्कल

मी दुसरेपणावर गेले. म्हणजे नवऱ्याची पहिली बायको मेली आणि तिच्या जागेवर मला आणलं. आमच्या धनगरांत तेव्हा अशा बाईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी आणखी एक वस्तू बांधायचे, सवतीचा टाक. चांदीचा बोटभर पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता आकार. माझा टाक जिंतूरच्या सोनाराकडून करून आणला होता. लग्नाच्या दिवशी तो गळ्यात बांधताना सासू माझ्या कानाशी म्हणाली, "आधी हिला, मग तुला."

आणि खरंच तसं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. जेवायला बसलं की पहिला घास टाकाला दाखवायचा. कुणी कुंकू लावलं तर आधी त्या पत्र्याला, मग माझ्या कपाळाला. घरात तिला थोरली म्हणत आणि मला धाकटी. थोरली मेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी लग्नात वीस पुरी केलेली, तरी धाकटी मीच. आज हसू येतं. तेव्हा हसायची छाती नव्हती.

वीस वर्षांची होईपर्यंत मला कुणी केलं नाही, कारण लहानपणी अंगावर देवी आल्या होत्या आणि जाताना तोंडभर वण ठेवून गेल्या. आईबाप गेलेले. भावाच्या घरी होते. वहिनी वाईट होती असं नाही म्हणणार, पण भाकरी वाढताना तिचा हात आखडायचा तो मला दिसायचा. त्यामुळे आमच्या झरी गावापासून दोन कोसांवरच्या एका बिजवराचं स्थळ आलं तेव्हा भावानं विचारलंसुद्धा नाही. मी तरी काय सांगणार होते?

हे सगळं निजामाच्या राज्यातलं, पोलीस ॲक्शनला अजून पाचसहा वर्षं होती. मला लिहायला शिकवलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, प्रौढांच्या वर्गात. म्हणून हे आता लिहिते आहे, वाकडंतिकडं असेल तर असू द्या.

मला थोरलीची भीती वाटायची. रात्रीची वाटते ती वेगळी, ती सगळ्यांनाच वाटते. मला भर दुपारी वाटायची. वाकून झाडायला लागले की टाक गळ्यातून पुढं यायचा आणि माझ्या हनुवटीला टेकायचा, गार. ती बाळंतपणात गेलेली, मूल पोटातच राहिलं. असली बाई कुठं जात नाही, घराभोवतीच राहते, असं सगळे सांगायचे. दूध नासलं की सासू म्हणायची थोरली रुसली. कोकरू मेलं की थोरली रुसली. आणि असं म्हणताना ती माझ्याकडं बघायची, म्हणजे थोरली माझ्यामुळं रुसली.

नवरा बोलायचाच नाही. पंचविशीचा, उंच, खाली मान घालून चालणारा माणूस. दिवसभर मेंढरांमागं आणि रात्री मेंढरांच्या वाड्याजवळच्या खोपीत झोपायला. घरी यायचा ते दोन वेळा भाकरीपुरता. दोन भाकरी खायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, जायचा. वैशाखात लग्न झालं, जेठ गेला, आषाढ गेला, त्या माणसानं माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. मी मनात म्हणायची, बघंल कशाला, हे असलं चाळणीसारखं तोंड.

श्रावणात सासूनं साफच सांगितलं. दसऱ्यापर्यंत लेकाचा संसार लागला नाही तर तुझ्या भावाला बोलावणं धाडते. परत जायचं म्हणजे कुठं? वहिनीच्या चुलीपुढं, सोडलेली बाई म्हणून, जन्मभर. त्यापेक्षा विहीर बरी असं वाटायचं, आणि मग विहिरीचीही भीती वाटायची.

आता माझ्यात एकच गुण होता, तो सांगते. मला माणसांची नक्कल यायची. लहान असताना गावातल्या प्रत्येकाची चाल, खोकला, शिंक करून दाखवायची मी. बाया पोट धरून हसायच्या. भाऊ रागवायचा. मला वाटतं, तोंडाकडं कुणी बघू नये म्हणून मी दुसऱ्यांची तोंडं करत असेन.

श्रावणात नणंद माहेरपणाला आली होती. तिची आणि थोरलीची गट्टी. थोरली सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी, त्यामुळे नणंदेची ती आधी मामेबहीण आणि मग भावजय. मी तिला एकेक विचारायला लागले. थोरली भाकरी कशी करायची? काठ जाड ठेवायची आणि वरून तीळ दाबायची. घागर कुठल्या कमरेवर घ्यायची? डाव्या. हसायची कशी? पदराचा कोपरा दातात धरून, आवाज न करता. नवऱ्याला हाक कशी मारायची? हाक नाही मारायची, बांगड्यांचा हात दाराच्या चौकटीवर दोनदा आपटायची. नणंदेला बोलायला माणूस हवं होतं, मला नवरा हवा होता. ती पंधरा दिवसांनी गेली तेव्हा थोरली माझ्याकडं सगळी पोचली होती.

पहिल्यांदा तिळाची भाकरी केली त्या दिवशी नवऱ्यानं घास मोडला आणि थांबला. मग मुकाट्यानं दोनच्या जागी तीन भाकरी खाल्ल्या. अगं बाई, काय आनंद झाला मला! चुलीमागं तोंड लपवून रडले. मग मी थांबतेय होय? घागर डाव्या कमरेवर आली. पदर दातात आला. चौकटीवर बांगड्या वाजवल्या तेव्हा तो अंगणात होता, असा दचकला की हातातला दोर पडला. मी समजले, जीव अडकलाय त्याचा. ओळखायला लागलाय.

भादव्यात, पितृपंधरवडा लागला तेव्हाची गोष्ट. मी रानात भाकरी घेऊन गेले होते. तो ओढ्यापलीकडं होता आणि मेंढरं पांगत पांगत देशमुखाच्या कापसाकडं चालली होती. कापसात एक मेंढरू शिरलं तर सगळा कळप कोंडवाड्यात जायचा, वर चावडीवर उन्हात उभं राहायला लागायचं ते वेगळं. मी घाबरले. आणि मला थोरलीची मेंढरं वळवायची हाक आठवली, नणंदेनं करून दाखवलेली. जीभ टाळूला लावून एक लांब घुर्रकारा आणि शेवटी उंच गेलेला "येऽये". प्रत्येक धनगराची हाक वेगळी असते आणि मेंढरं ती विसरत नाहीत. मी ती हाक दिली.

म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. मग एकेक करत सगळा कळप वळला आणि धावत माझ्याकडं यायला लागला. मला एवढा हर्ष झाला की मी पदर दातात धरला आणि ओढ्यापलीकडं बघितलं. नवरा तिथं उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलेलं. तो खाली बसला, दोन्ही हात जमिनीला टेकून. मग उठला आणि मेंढरं, काठी, भाकरी सगळं टाकून गावाकडं पळत सुटला.

मी कळप घेऊन तिन्हीसांजेला घरी आले तेव्हा त्याला ताप भरला होता. तो खोपीत घोंगडी पांघरून पडला होता आणि आईला सांगत होता की ती आलीया, धाकटीच्या अंगात आलीया.

सासू दारात आली. तिनं मला विचारलं, "कोण हायस तू?"

मी धाकटी हाय, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मी धाकटीच आहे म्हटलं तर मी लबाड, मेलेल्या बाईचं सोंग घेणारी, दसऱ्याची वाट न बघता उद्याच भावाकडं. आणि गप्प राहिले तर? मी गप्प राहिले. मान खाली घातली आणि पदराचा कोपरा दातात धरला. सवयीनं झालं म्हणा, नाहीतर मुद्दाम केलं म्हणा. खरं काय ते मला आजही सांगता येत नाही.

सासूनं मला घरात नेलं आणि पाटावर बसवलं. पाच महिन्यांत या बाईनं माझ्या अंगाला हात लावला नव्हता. आता तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. दूध दिलं. दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावलं. मला सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. भीतीनं अंग कापत होतं आणि तरी बरं वाटत होतं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं.

मग नवमी आली. सवाष्ण मेलेल्या बाईचं पान वाढायचा दिवस. सासूनं पुरण घातलं आणि ते पान माझ्यापुढं ठेवलं. आम्ही दोघीच होतो. मी पहिला घास उचलला तोच तिनं माझे पाय धरले. म्हातारीनं, माझे. म्हणाली, "दोन दिस तळमळलीस तू. ल्योक म्हनत हुता गाडी जुपतो, परभनीच्या दवाखान्यात नेतो. मीच न्हाई म्हनले. बाप्या डाक्टर बघंल म्हनून न्हाई म्हनले. मला माफी दे, बाळे."

ते माझ्यासाठी नव्हतं. मी ऐकायला नको होतं. मला त्या बाईच्या हातांतून पाय सोडवून घ्यायचे होते, बाकी काही नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे, आत्या."

मी सासूला मामी म्हणायची. आत्या थोरली म्हणायची, भाची होती म्हणून. तो शब्द मी उचलला. सासू मला मिठी मारून इतकी रडली की तिचा सगळा भार माझ्यावर आला आणि मला वाटलं माझा जीव गुदमरतोय.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. थोरली भिंतीतून येईल ही भीती आता राहिली नव्हती. आता भीती ही होती की ती आलीच आहे. विहिरीवर एक बाई काहीतरी बोलली, मला हसू आलं आणि आवाजच निघाला नाही. मी एकटी असताना हसून बघितलं. माझं हसू मला आठवेना. घागर उजव्या कमरेवर घेतली तर सांडायला लागली. मी सोंग घेतलंय, हे मला ठाऊक होतं ना? मग सोंग काढल्यावर खाली काहीच कसं नाही? मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

तेवढ्यात घरात कळलं की नवऱ्यानं शेजारच्या गावचा देवरुषी बोलावलाय, अमावास्येला. सासूच्या मनात नव्हतं, पण लेकाचा ताप उतरत नव्हता. माझ्या माहेरी एका बाईला असंच धरलं होतं. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून फरफटवलं. तिचा एक डोळा गेला तो गेलाच. ते मी लहानपणी पाहिलं होतं.

अमावास्येच्या सकाळी मी पाण्याचा तांब्या घेतला आणि खोपीकडं गेले. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. नवरा मला बघून मागं सरकत भिंतीला टेकला. मी तांब्या खाली ठेवला आणि दारातच बसले.

"मी ती न्हाई," मी म्हणाले. "मी धाकटी हाय. मी नक्कल केली."

त्याचा विश्वास बसला नाही. तो डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागला. मग मला दुसरं काही सुचेना. मी त्याच्या आईसारखी कंबरेवर हात ठेवून कोंबड्यांना शिव्या दिल्या. पोलीस पाटलासारखी खाकरले. मग त्याचीच नक्कल केली. खाली मान घालून बसायची, घास मोडताना नाकानं सुस्कारा सोडायची, पाणी पिऊन झालं की मिशा पुसायची. तो बघत राहिला. हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"कशापायी केलंस?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तुमी माझ्याकडं बघत न्हाई. माझं तोंड तुमाला आवडत न्हाई. दसऱ्याला मला परत धाडणार. थोरलीसारखी झाले तर ठेवून घ्याल असं वाटलं.

तो म्हणाला, "तुझं तोंड मी अजून बघितलंच न्हाई. बघायलाच भ्यायलो. बघितलं असतं तर जवळ आलो असतो. अन् ती मेली तशी तूबी मेली असतीस."

पाच महिने मी ज्याला भीत होते तो मला भीत होता. मला नाही, माझ्या मरणाला. मी विचारलं की मग त्या तीन भाकरी? तो म्हणाला, भिऊन खाल्ल्या. ताटात टाकल्या तर ती चिडंल म्हणून.

आणि मी हसले. मोठ्यांदा, घशातून, गाढवासारखं. ते माझंच हसू होतं, इतकं वाईट दुसऱ्या कुणाचं नसणार. तो दचकला. मग त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, वणासकट सगळं बघितलं. मला पदर ओढून घ्यावासा वाटला, पण मी नाही घेतला. त्यानं विचारलं की तू आपली असतीस तरी कशी? मला सांगताच येईना. वीस वर्षांची बाई, स्वतःबद्दल एक गोष्ट सांगता येईना. शेवटी म्हणाले, मला तिळाची भाकर आवडत न्हाई.

त्याचं म्हणणं पडलं की आईला हे सांगू नकोस. थोरली आपणहून गेली, शांत झाली असं तो सांगेल. देवरुषी माघारी जाईल आणि आईचं मनही निवांत राहील. ते सोपं होतं. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण सासूच्या हातांची पकड माझ्या घोट्यांवर अजून होती. उद्यापासून या बाईला मामी म्हणायचं, तिनं वाढलेलं खायचं, आणि पोटात तो आत्या शब्द ठेवायचा. मग मी या घरात असणार कोण?

सासू अंगणात तुरी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं, भाकरीपासून नवमीपर्यंत. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ही केस धरणार. दारात नवरा उभा होता.

सासूनं विचारलं, "मग मला माफी कुनी दिली?"

"मी दिली, मामी," मी म्हणाले. "माझी काय बी पोच न्हाई ती द्यायची."

ती उठली, घरात गेली आणि आतून कडी लावली. दुपार कलली तरी बाहेर आली नाही. देवरुषी आला, लिंबं, नारळ, कडुलिंबाचा पाला घेऊन ओट्यावर बसला. सासूनं मला त्याच्या हवाली केलं असतं तर कुणी अडवलं नसतं, तिचा हक्कच होता तो. तिन्हीसांजेच्या आत कडी निघाली. डोळे सुजलेले. ती देवरुष्याला म्हणाली की परत जावा, इथं कुणी आलं न्हाई, माझी सून हाय निस्ती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, चुलीवर आदण ठेव.

दसरा आला आणि गेला. भावाला बोलावणं गेलं नाही. आमचा संसार लागला, पण लागला तो भीत भीतच. मला दिवस गेले तेव्हा नवऱ्याची झोप उडाली, आणि पहिली कळ यायच्या आठ दिवस आधी सासूनं स्वतः गाडी जुपायला लावून मला परभणीला नेऊन ठेवलं. तिथं डॉक्टर पुरुषच होता. सासू दाराबाहेर बसून राहिली. मुलगी झाली, पुढं दोन मुलगे झाले.

पण सासूचं ते दुखणं गेलं नाही. नवमीच्या त्या दुपारी तिच्या मनावरचा दगड उतरला होता, आणि अमावास्येला तो मीच उचलून परत ठेवला. मी माझी मला मिळाले आणि त्यासाठी त्या म्हातारीची झोप गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दर नवमीला ती त्या पानापुढं जास्त जास्त वेळ बसायला लागली.

शेवटच्या दुखण्यात ती माझ्या हातानंच पेज प्यायची. सकाळची वेळ होती, अंगणात ऊन आलेलं. तिनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत मी पाहिलेली सगळ्यात मोठी भीती होती. आता थोरलीची गाठ पडंल, ती म्हणाली. मग लहान पोरीसारखं विचारलं, "तू म्हन की गं एकदा. तवा म्हनलीस तसं."

मला येत होतं. इतक्या वर्षांनीही आवाज जिभेवर तयार होता. एक शब्द, आणि ती सुखानं गेली असती. मी तोंड उघडलं, आणि तिचा तो हात बघितला, माझ्या हाताला धरलेला. दुसऱ्या कुणाच्या नाही.

"ती काय म्हनंल मला ठावं न्हाई, मामी," मी म्हणाले. "मी हितं हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. हात तिनं सोडला नाही.